कणकेचा पाव, दोन तासांत

मैद्याच्या पावाची कृती घ्यायची, मैद्याऐवजी तेवढीच कणीक घालायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. घरच्या गव्हाच्या पावाची सुरुवात बहुतेक ठिकाणी अशी होते, आणि तो फसतोही तिथेच. पाव फुगत नाही, आतून दडस राहतो, वरून कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी चहात बुडवल्याशिवाय खाववत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, कणकेचा पाव असाच लागायचा. तो असा लागण्याचं काहीच कारण नाही. सबंध गव्हाच्या पिठाला मैद्यापेक्षा जास्त पाणी लागतं, ते पाणी पिऊन घ्यायला वेळ लागतो आणि त्याचा गोळा लहान ठेवावा लागतो. एवढं सांभाळलं तर जेवणाबरोबर खायचे छोटे, मऊ पाव, ज्यांना हॉटेलांत डिनर रोल म्हणतात, घरच्या ओटीजीत दोन तासांच्या आत तयार होतात.

गव्हाच्या दाण्याचा सुमारे ८३ टक्के भाग म्हणजे आतला पिठूळ गर. मैदा त्याचाच होतो. बाहेरचा कोंडा साधारण १४ टक्के आणि टोकाचा अंकुर अडीच-तीन टक्के. गरात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पीठ भिजलं की ती एकमेकांत गुंफली जातात आणि ग्लूटेनचं लवचिक जाळं तयार होतं. पुरणपोळी लाटताना पारी फाटत नाही, ती या जाळ्यामुळेच. पावात यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो या जाळ्यात अडकतो, जाळं ताणलं जातं आणि गोळा वर येतो.

कणकेत मात्र कोंडा मध्ये येतो. त्याचे कोरडे, टोकदार कण जाळ्याच्या पातळ पडद्यांना भोकं पाडतात आणि वायू निसटून जातो. कोंडा पाणीही बरंच पितो, पण सावकाश. म्हणून मळताना अगदी बरोबर वाटलेला गोळा अर्ध्या तासानं घट्ट झालेला असतो, आणि घट्ट गोळा फुगायला तयार नसतो. अंकुरात ग्लुटाथायॉन नावाचं द्रव्य असतं, ते ग्लूटेनचे बंध सैल करतं. म्हणजे कणकेत जाळं विणणारी प्रथिनं असतात, पण त्यांच्या वाटेत अडथळे जास्त. जोर लावून मळल्यानं हे अडथळे दूर होत नाहीत, कोंडा भिजून मऊ झाल्यानं होतात.

आपल्या गिरणीच्या पिठाची आणखी एक गोष्ट आहे, आणि परदेशी पाककृतींत तिचा उल्लेख नसतो, कारण त्यांचं पीठ वेगळं असतं. तिकडे गहू बहुधा पोलादी रोलरांमधून जातो. आपल्या चक्कीत तो दोन दगडांमध्ये रगडला जातो, आणि पीठ बाहेर येतं तेव्हा हाताला चांगलं गरम लागतं. या रगडण्यात स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च धड स्टार्चच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. पोळी मऊ राहते, दुपारच्या डब्यातही वाकते, त्याचं हे एक मोठं कारण. पावाच्या बाबतीत याचा अर्थ असा की अमेरिकन कृतीतलं पाण्याचं माप आपल्या कणकेला पुरत नाही. फुटलेल्या स्टार्चवर पिठातली विकरं लवकर काम करतात आणि त्याची साखर होते, त्यामुळे यीस्टला खाद्य भरपूर मिळतं आणि पावाला रंगही छान येतो. पण पीठ गरजेपेक्षा जास्त वेळ आंबलं तर आतला भाग चिकट होतो. चक्कीच्या पिठाचा पाव झटपट केलेलाच बरा, असं मी म्हणते ते यासाठी.

गहू कोणता, यानंही फरक पडतो. रोजच्या पोळ्यांचा लोकवन किंवा मध्य प्रदेशातल्या सिहोरचा शरबती, दोन्ही चालतात. खपली गव्हाची खीर उत्तम होते, पण त्याचं ग्लूटेन कमकुवत असतं. नुसत्या खपलीचा पाव पसरट होतो, तेव्हा खपली एकूण पिठाच्या चौथ्या भागापेक्षा जास्त घालू नये. बन्सी गहू रव्यासाठी ठेवावा. दळण बारीक हवं. आपल्याकडे एक सोय अशी आहे की चार-पाच किलो गहू देऊन ताजं पीठ आणता येतं. अंकुरात तेल असतं आणि ते हवेशी संयोग पावून खवट होतं. महिनोन् महिने पिशवीत पडलेल्या पिठाच्या पावाला जी कडसर चव येते ती याच तेलाची.

हे तेल हीच एकेकाळी गिरणीवाल्यांची मोठी डोकेदुखी होती. १८७० नंतरच्या वीस वर्षांत आधी बुडापेस्टच्या आणि मग अमेरिकेत मिनियापोलिसच्या गिरण्यांनी रोलर बसवले, तेव्हा कोंडा आणि अंकुर सहज वेगळे काढता येऊ लागले. पांढरं पीठ स्वस्त झालं, महिनोन् महिने टिकू लागलं, आगगाडीनं दूरवर जाऊ लागलं. त्याच्याही आधी, १८३७ साली, सिल्व्हेस्टर ग्रॅहम या अमेरिकन धर्मोपदेशकानं पावावर एक पुस्तक लिहून न चाळलेल्या पिठाचा आणि घरीच भाजलेल्या पावाचा आग्रह धरला होता. बेकरीवाल्यांचा त्याच्यावर मोठा राग होता. त्याची बरीचशी वैद्यकीय मतं आज टिकत नाहीत, पण कोंड्याबद्दलचा त्याचा आग्रह बरोबर निघाला. डिनर रोलही त्याच मुलखातला. बॉस्टनमध्ये हार्वी पार्करनं १८५५ साली उघडलेल्या पार्कर हाउस हॉटेलातले लोण्यानं माखलेले, दुमडलेले रोल पुढे देशभर प्रसिद्ध झाले. ते मैद्याचे होते. कणकेचे रोल हा घरच्या स्वयंपाकघरातला प्रकार.

आता परातीकडे येऊ. बारा पावांसाठी ४०० ग्रॅम कणीक, ३०० ते ३२० मिलीलिटर पाणी, २५ ग्रॅम गूळ, ७ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ३० ग्रॅम तेल किंवा लोणी. वजनकाटा असेल तर तोच वापरावा, वाटीत पीठ कधी दाबून भरलं जातं, कधी सैल. निम्मं पाणी काढून तेवढं दूध घातलं तर पाव जास्त मऊ होतो, पण दूध तापवून गार केलेलं हवं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं पिठाचं जाळं सैल करतात, उकळल्यावर त्यांचा तो गुण जातो. आपल्या घरांत दूध तापवलेलंच असतं, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटतो.

पहिलं काम म्हणजे कणीक आणि पाणी नुसतं एकत्र करायचं. मीठ नाही, यीस्ट नाही. दोन चमचे पाणी मागे ठेवावं. पिठाचा कोरडा अंश उरला नाही की झाकून अर्धा तास तसंच ठेवायचं. फ्रेंच पाववाल्यांचे गुरू रेमों काल्व्हेल यांनी १९७४ साली ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीनं मांडली, आणि आता जगभरच्या बेकऱ्या ती वापरतात. पोळ्यांची कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवणाऱ्या आपल्या घरांना यात नवीन काही नाही. नवल याचं की पोळीसाठी ज्या घरात हे न चुकता पाळलं जातं, त्याच घरात पावासाठी मात्र पीठ भिजवलं की लगेच मळायला घेतात. या अर्ध्या तासात कोंडा पाणी पितो, त्याच्या कडा मऊ होतात आणि ग्लूटेनचं जाळं आपलं आपण तयार व्हायला लागतं. हात लावून पाहिलं तर फरक कळतो. आधी दाणेदार आणि तुटक असलेलं पीठ आता खेचलं की सलग लांबतं.

आणखी मऊपणा हवा असेल तर उकड करावी. चिनी आणि जपानी पाववाले पिठाची पातळ पेज शिजवून कणकेत मिसळतात, आणि जगभरात ती युक्ती मोठ्या कौतुकानं सांगितली जाते. तांदळाची किंवा ज्वारीची उकड काढणाऱ्या हाताला ती शिकवावी लागत नाही. एकूण कणकेतली तीन मोठे चमचे कणीक, तिच्या वजनाच्या पाचपट पाण्यात, मंद आचेवर ढवळत राहायचं. पळी फिरवली की मागे रेघ उमटू लागली म्हणजे झालं. साधारण ६५ अंश सेल्सिअसला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. हे धरलेलं पाणी भाजतानाही लवकर उडत नाही आणि पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. उकड गार करून उरलेल्या पिठात घालायची आणि तिच्यातलं पाणी एकूण मापात धरायचं, वरून आणखी घालायचं नाही.

यीस्ट म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी ही एकपेशीय बुरशी. सिनसिनाटीत फ्लाइशमान बंधूंनी १८६८ च्या सुमारास तिच्या दाबलेल्या वड्या विकायला काढल्या, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी वाळवलेले दाणे आले आणि १९७० नंतरच्या दशकात लेसाफ्र या फ्रेंच कंपनीचं बारीक दाण्यांचं इन्स्टंट यीस्ट. ते आधी पाण्यात फेसाळून घ्यावं लागत नाही. पण आपण पीठ आधी भिजवतो, म्हणून मागे ठेवलेल्या दोन चमचे कोमट पाण्यात ते गुळाबरोबर कालवून घेतलेलं बरं, म्हणजे सगळीकडे सारखं पसरतं. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागावं. ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, आणि कढत पाण्यानं मेलेलं यीस्ट हे न फुगलेल्या पावांचं एक नेहमीचं कारण असतं. गुळाचाही अतिरेक नको. गोडाचं प्रमाण पिठाच्या दहा टक्क्यांपलीकडे गेलं की ते यीस्टच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि काम मंदावतं.

झटपट पावासाठी यीस्ट वाढवत नेण्याचा मोह होतो. ४०० ग्रॅमला ७ ग्रॅम हे प्रमाण आधीच पुरेसं आहे. त्याहून जास्त घातलं तर पाव लवकर वर येतो आणि लवकर बसतोही, शिवाय वास येतो तो वेगळाच. वेळ वाचवायचा तर दोनदा फुगवण्याऐवजी एकदाच फुगवावं. म्हणजे भिजवलेल्या पिठात यीस्ट, गूळ आणि मीठ घालून सात-आठ मिनिटं मळायचं, शेवटी तेल किंवा लोणी जिरवायचं, दहा मिनिटं विसावा द्यायचा आणि थेट गोळे करायचे.

मळताना गोळा हाताला चिकटतो. इथेच बहुतेक जण मूठभर कोरडं पीठ टाकतात, आणि पाव तिथेच घट्ट होतो. हाताला पीठ लावण्याऐवजी पाणी किंवा तेल लावावं, पण परातीत पीठ वाढवू नये. हा गोळा पोळीच्या कणकेपेक्षा स्पष्टपणे सैल असतो. मैद्याचा गोळा ताणून काचेसारखा पारदर्शक पडदा होतो की नाही हे पाहण्याची रीत आहे. कणकेची ती परीक्षा घेऊ नये, कोंड्यामुळे पडदा मध्येच फाटतो. परातीला चिकटलेला गोळा हळूहळू सुटून एकसंध होऊ लागला, त्याचा पृष्ठभाग नितळ दिसू लागला की थांबावं.

६५ ग्रॅमच्या आसपासचे बारा गोळे करायचे. प्रत्येक गोळ्याच्या कडा खाली ओढून चिमटायच्या, मग ओट्यावर तळहाताच्या पोकळीत धरून गोल फिरवायचं. वरचा पापुद्रा ताणला गेला की गोळा पसरण्याऐवजी उंच वाढतो. तेल लावलेल्या २३ सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये ते बोटभर अंतरानं ठेवावेत. फुगले की ते एकमेकांना टेकतात आणि लादी पावासारखे बाजूंनी मऊ राहतात. अशक्त जाळ्याला शेजाऱ्याचा आधार मिळतो, हाही त्यात फायदा. लहान गोळ्याचं मुख्य कारण मात्र वेगळं आहे. कणकेचा मोठा पाव आतपर्यंत भाजायला पाऊण तास लागतो, तोवर वरचं कवच जाड होतं, आणि कमकुवत जाळ्याला स्वतःचंच वजन पेलत नाही. छोटा गोळा हलका असतो आणि वीस मिनिटांत भाजून निघतो.

ओल्या फडक्याखाली हे गोळे चाळीस-पन्नास मिनिटं ठेवावेत. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी तीस मिनिटंही पुरतात, नाशिकच्या डिसेंबरात तासभर लागू शकतो, म्हणून घड्याळाकडे न पाहता गोळ्याकडे पाहावं. दुप्पट होण्याची वाट पाहायची नाही, दीडपट पुरे. बोटानं हलकेच दाबावं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश अर्धा भरून आला तर ओव्हनमध्ये घालावं, तसाच राहिला तर उशीर झाला. कणकेचा पाव उशीर सहन करत नाही.

ओटीजी २०० अंशांवर आधी तापवलेला हवा. पहिल्या काही मिनिटांत यीस्ट मरण्यापूर्वी शेवटचा जोर करतं, अडकलेला वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते आणि पाव एकदम वर येतो. मग स्टार्च आणि प्रथिनं घट्ट होऊन ती उंची पक्की होते. थंड ओव्हनमध्ये ठेवलेल्या पावाला ही उंची मिळत नाही. अठरा ते बावीस मिनिटांत वर तांबूस रंग येतो. आतलं तापमान ९३ अंशांच्या वर गेलेलं असावं. तापमापक नसेल तर मधला एक पाव उलटून बुडाशी टिचकी मारावी, पोकळ आवाज यायला हवा. बाहेर काढल्या काढल्या वर लोणी फिरवावं आणि दहा मिनिटांनी जाळीवर काढावेत, नाहीतर खालून वाफ धरून ओले होतात.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लूटेन नसतं, म्हणून त्यांचं पीठ एकूण पिठाच्या पाचव्या भागापर्यंतच घालावं. ज्वारीची उकड करून घातली तर ती जास्त छान मिसळते. नाचणीनं रंग गडद येतो आणि चव खमंग होते. मला स्वतःला नाचणीचे पाव लसणाच्या चटणीबरोबर सर्वांत आवडतात.

आंबवलेल्या सबंध गव्हाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्याकडच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराजला काम करायला गेले. तिथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. गावातल्या लोकांचं खाणं म्हणजे जवळजवळ नुसती गव्हाची रोटी, आणि काही जण मातीही खात. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि यामागे जस्ताची कमतरता असावी असा तर्क मांडला. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासातून तो पक्का झाला. माणसाला जस्त लागतं आणि ते कमी पडू शकतं, हे वैद्यकशास्त्रानं मान्य केलं ते या कामामुळे. त्या गव्हात जस्त होतं, पण शरीराला मिळत नव्हतं. कोंड्यातलं फायटिक आम्ल, म्हणजेच फायटेट, जस्त आणि लोह यांना बांधून ठेवतं. १९७० नंतरच्या दशकात शिराजमध्येच जॉन राइनहोल्ड यांनी दाखवलं की खेड्यातल्या न आंबवलेल्या रोटीत फायटेट भरपूर असतं आणि आंबवलेल्या पावात ते कमी होतं. पीठ ओलं राहिलं आणि किंचित आंबट झालं की गव्हातलंच फायटेज हे विकर फायटेट तोडू लागतं.

वरण, उसळ, भाजी, दही, लिंबू यांच्याबरोबर खाल्लेल्या आपल्या पोळीला ही भीती लावण्याचं कारण नाही, शिराजच्या त्या गावांत रोटीखेरीज ताटात फारसं काही नव्हतं. पण झटपट पावात फायटेट थोडंच तुटतं, हे खरं. ज्यांच्या घरी रक्तात लोह कमी असलेलं माणूस आहे त्यांनी आदल्या रात्री पाऊण ग्रॅम यीस्ट घालून निम्मं पीठ भिजवून फ्रिजमध्ये ठेवावं आणि सकाळी उरलेल्या पिठात मिसळावं. वेळ वाढतो, काम वाढत नाही, आणि चव तर निश्चितच सुधारते.

लांब आंबवणं आणि कोंडा, दोन्हींची जुनी जाण असलेला पाव आपल्या शेजारीच आहे. गोव्याची पोई. गव्हाचं पीठ, वरून भुरभुरलेला कोंडा, लाकडाच्या भट्टीत फुगून आत पोकळ झालेली. यीस्टच्या पुड्या येण्याआधी तिथले पाववाले, म्हणजे पोदेर, तिचं पीठ माडीनं आंबवत असत. आता अनेक ठिकाणी तिच्यातला मैदा वाढला आहे, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण कोंड्याच्या पोईची चव मैद्याच्या पोईला येत नाही.

उरलेले पाव फ्रिजमध्ये ठेवू नयेत. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट जुळायला लागतो, पाव शिळा होतो तो यामुळे. आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत जलद होते. एक-दोन दिवसांत संपणार असतील तर झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवावेत, पावसाळ्यात मात्र बुरशीकडे लक्ष हवं. जास्त दिवस ठेवायचे तर पूर्ण गार झाल्यावर थेट फ्रीझरमध्ये. तिथून काढून तव्यावर झाकण ठेवून, पाण्याचा एक हबका मारून मंद आचेवर चार-पाच मिनिटं गरम केले की जुळलेला स्टार्च सुटतो आणि पाव पुन्हा मऊ होतो. अगदीच वाळलेले उरले तर कुस्करून, मोहरी, कांदा, मिरचीची फोडणी देऊन परतावेत. कणकेचा पाव फोडणीत मैद्याच्या पावासारखा लगदा होत नाही.